दादासाहेब खापर्डे आणि ज्यूरीच्या नऊ खुर्च्या

१८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष येथील नामांकित वकील गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे. देशभरातून प्रतिनिधी आले. परंतु दादासाहेबांचे जिवलग स्नेही लोकमान्य टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. मुंबई हायकोर्टाच्या ज्यूरीत नऊ जण. सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष. पुरावा एकच, कायदा एकच; मते मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे फुटली!

ही विषमता दादासाहेबांना नवी नव्हती. १८५४ साली वऱ्हाडात जन्मलेल्या या बुद्धिमान तरुणाने एलफिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली आणि १८८४ मध्ये वकिलीची परीक्षा दिली. त्याच्या आदल्याच वर्षी इल्बर्ट बिलाचे वादळ उठले होते. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा, ही कल्पनाच गोऱ्या समाजाला सहन झाली नाही. अखेर १८८४ च्या कायद्याने गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे ज्यूरर मागण्याचा हक्क मिळाला. दादासाहेबांनी पुढे काही वर्षे वऱ्हाडात मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरी केली. न्यायासनावरून कचेरी कशी दिसते ते त्यांनी पाहिले, आणि १८९० मध्ये नोकरी सोडून अमरावतीत वकिली थाटली. पैसा आला, पाहुण्यांची पंगत वाढली, विनोदी वक्तृत्वाची कीर्ती पसरली. लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणू लागले.

१९०८ च्या जूनमध्ये टिळकांना पुन्हा अटक झाली. ‘केसरी’तील मराठी लेखांवरचा हा खटला. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी. मूळ मराठी शब्दाची धार बहुतेकांना कळण्याजोगी नव्हती, भाषांतरावरच सारी मदार! टिळकांनी स्वतः अनेक दिवस बाजू मांडली. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील या नात्याने टिळकांना जामीन मिळवून दिला होता!

आता दादासाहेबांपुढे प्रश्न उभा राहिला. चालती वकिली, मोठे कुटुंब आणि वयाची चौपन्न वर्षे. तरीही ऑगस्टमध्ये ते विलायतेस निघाले. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीच नाकारली. तेव्हा त्यांनी पार्लमेंटच्या सभासदांकडे खेटे घातले. दोन वर्षे अशी गेली आणि हाती काही आले नाही. १९१० मध्ये परतताना ते रंगूनमार्गे आले आणि मंडालेच्या तुरुंगात मित्राला भेटले. अपयशाची बातमी स्वतः जाऊन सांगणारा वकील विरळाच.

दादासाहेबांचे सारेच निर्णय सर्वांना पटतील असे नाही. गांधीजींच्या असहकाराच्या वाटेने ते गेले नाहीत; कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. फौजदारी कायद्यातील वर्णभेदाच्या कित्येक तरतुदी १९२३ च्या कायद्याने गेल्या, तेव्हा ते त्या सभागृहाचे सदस्य होते. उरलेला भेद पुसला गेला तो १९४९ साली. ते पाहायला दादासाहेब नव्हते. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले होते.

आज गोरा न्यायाधीश नाही आणि ज्यूरीही नाही. मग हे चरित्र आपण का वाचावे? कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु गावात चोरी झाली की आपल्या वऱ्हाडात नजर आजही आधी पारध्यांच्या बेड्याकडे वळते. तेथील पोराची बोली कचेरीत कोणाला कळते? त्याच्यासाठी दोन वर्षांची वकिली बाजूला ठेवणारा कोण आहे? टिळकांना दादासाहेबांसारखा स्नेही होता, आणि तरीही न्याय मिळाला नाही. ज्याला असा स्नेहीच नाही, त्याचे काय होत असेल याचा विचार आपण, विशेषतः उद्या वकिलीकडे वळणाऱ्या मित्रांनी, अवश्य करावा.