वै. विष्णुबुवा जोग आणि आळंदीची पाठशाळा

वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराजांचा जन्म पुण्यास सन १८६७ साली झाला. अंगाने पैलवान, तालमीचा नाद लहानपणापासूनचा. लग्न केले नाही, अखंड ब्रह्मचारी राहिले. आळंदीस माऊलींच्या पायांशी माळ घातली आणि वारी धरली ती जन्मभर. राजकारणात ते लोकमान्यांचे अभिमानी, पण आपल्याला पाहावयाची आहे ती त्यांची शिकविण्याची चाल.

आपल्या संप्रदायाची धारणा अशी की, ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितलेली टीका काय, तुकोबारायांचे अभंग काय, ही माणसाच्या हुशारीची करणी नव्हे. तुकोबांच्या स्वप्नात पांडुरंग नामदेवरायांसह आले आणि कवित्व सांगून गेले. हे सगळे खरे. पण ते पोराला शिकवायचे कसे? इथेच तर गोम आहे! देवाची वाणी म्हणून पोथी रेशमी फडक्यात बांधली, तिला गंधफूल वाहिले, पारायण उरकले, तर पोराच्या पदरी पडले काय? आणि दुसरीकडे, शाळेतल्या कवितेसारखे अलंकार तेवढे मोजले तर वाणीतला देव निसटला. आम्ही संस्कृत पाठशाळेत संथा म्हणत होतो, तेव्हा अर्थ विचारला की उत्तर मिळे, पुढे कळेल. कित्येकांना ते पुढे कधी आलेच नाही.

जोगबुवांनी अर्थाची वाट धरली. अमृतानुभव, हरिपाठ असे ग्रंथ त्यांनी सार्थ केले. सन १९०९ साली तुकोबांचा गाथा सार्थ छापला. साधी मराठी, घरच्या माणसाने समजावून सांगावी तशी. भागवतात ब्रह्मदेवाची कथा आहे पाहा. त्याला आधी ‘तप’ एवढीच दोन अक्षरे ऐकू आली, बोलणारा दिसेना. त्या दोन अक्षरांवर तो तपास बसला, तेव्हा कुठे भगवंतांनी चार श्लोक सांगितले. म्हणजे काय, बरं का, देव बोलला तरी ऐकणाराची तयारी लागते.

ही तयारी एकेका कीर्तनाने व्हायची नाही. म्हणून सन १९१७ साली बुवांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हा ते पन्नाशीस आले होते. शिकायची ती ज्ञानेश्वरी, गाथा आणि वेदान्ताचे ग्रंथ. त्यांच्या जोडीला कीर्तन. फी नाही, कारण कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये हा तुकोबांचाच दंडक, मग शिकविण्याचे तरी कसे घ्यावे? मुलांनी गावात मधुकरी मागावी आणि पाठास बसावे. भाकरी मागताना अहंकार किती गळतो, ते ज्याने झोळी धरली त्यालाच ठाऊक. मला तर तोही पाठच वाटतो.

बुवांस पुढे तीनच वर्षे मिळाली. सन १९२० साली त्यांनी देह ठेवला. एवढ्या नव्या संस्थेचे छत्र गेल्यावर ती मोडायची, असे कोणासही वाटले असते. पण बंकटस्वामी होते, सोनोपंत दांडेकर होते. सोनोपंत पुण्यास तत्त्वज्ञान शिकवीत, पुढे कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि वारी मात्र सुटली नाही. सन १९५३ साली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी निघाली. गुरूंनी गाथ्याचे केले, तेच शिष्याने माऊलींच्या ग्रंथाचे केले. आज कितीतरी घरी पारायणाला तीच प्रत उघडतात. वर ओवी, खाली अर्थ.