भोर समितीचे भोर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

भोर समिती हे दोन शब्द आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेसाठी पाठ केलेले असतात. समिती १९४३ ची, अहवाल १९४६ चा, प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिची, एवढे लिहिले की गुण मिळतात. पुणे जिल्ह्यात भोर नावाचे गाव आणि जुने संस्थान आहे, म्हणून समितीची बैठक तेथे भरली असावी असे ठामपणे सांगणारेही वर्गात भेटतात. वस्तुतः भोर हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस आपल्या नाशिकचा.

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्याचे बिशप्स हायस्कूल, नंतर डेक्कन कॉलेज व पुढे लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. १९०२ मध्ये ते आय. सी. एस. झाले. १९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या पत्नी मार्गारेट या स्वतः डॉक्टर होत्या. घरात डॉक्टर असल्याचा परिणाम पुढच्या कामावर किती झाला हे कोण सांगणार? पण तो झाला नसेल असे मला वाटत नाही.

यानंतरची त्यांची चढती कमान मी भरभर सांगतो. लंडनमध्ये भारताचे हंगामी हायकमिशनर, दिल्लीत सचिव, मग व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. त्यात आधी उद्योग व मजूर, नंतर व्यापार व रेल्वे ही खाती. मधल्या काळात ते सायमन कमिशनचे सचिव होते. ज्या कमिशनला काळे झेंडे दाखवताना देशभर लाठ्या बरसत होत्या, त्याच कमिशनचे कागद हे गृहस्थ सांभाळत होते. त्यांना देशभक्त म्हणून हार घालणे मला जमणार नाही. ते सरकारचे माणूस होते. पण सरकारच्या माणसाने सरकारच्याच पदरात एवढे मोठे माप टाकावे, ही गोष्ट मात्र विलक्षण आहे.

ते माप १९४६ चे. दुसरे महायुद्ध चालू असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, निवृत्त भोर यांच्याकडे आरोग्य समितीचे अध्यक्षपद आले. समितीत डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. आपले कामगार पुढारी ना. म. जोशीही होते. चार खंडांच्या अहवालाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : खिशात पैसा नाही म्हणून कोणालाही औषधपाणी नाकारले जाऊ नये, आणि तो पैसा सरकारने उभा करावा. प्रांतिक सरकारांनी एकूण खर्चाच्या निदान १५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असा आकडाही समितीने घातला. सुरुवातीला ४०,००० वस्तीमागे एक आरोग्य केंद्र असावे, अशी योजना होती.

परीक्षेच्या उत्तरात जो भाग कधीच येत नाही तो मनाच्या आजारांचा. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक मूर टेलर यांच्याकडून समितीने देशातील वेड्यांच्या इस्पितळांची पाहणी करून घेतली. तेव्हा देशाची वस्ती सुमारे ४० कोटी आणि अशा रुग्णांसाठी खाटा दहा हजारांच्या थोड्या वर. म्हणजे सुमारे ४०,००० माणसांमागे एक खाट. इंग्लंडात ३०० माणसांमागे एक. हजारी दोन माणसे जरी आजारी धरली तरी आठ लाख रुग्ण होतात, हा हिशेब समितीने मांडला. केंद्रात व प्रांतात मानसिक आरोग्याची वेगळी यंत्रणा असावी, डॉक्टरांना याचे शिक्षण मिळावे, असे सुचवले. बंगळूरची मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था १९५४ मध्ये निघाली, ती याच शिफारशीतून.

अहवाल आला त्याच वर्षी युद्धावरून परतलेले लाखो जवान फौजेतून सुटून गावोगाव घरी येत होते. फौजेत असेपर्यंत जवानाला फौजेचा डॉक्टर असतो. घरी आला की तो गावचा. गावात काही नसेल तर त्यालाही काही नाही आणि त्याच्या बायकोपोरांनाही नाही.

आमच्या साखऱ्याकडे भावकीतले एक काका पेन्शनवर घरी आले, तेव्हाची गोष्ट मी आईकडून ऐकली आहे. दिवसा ते चांगले असत. रात्री काठी घेऊन अंगणात पहारा देत आणि कोणी खाकरले तरी अंगावर धावून जात. काकूंनी उपास केले, गंडेदोरे झाले, देवर्ष्याला कोंबडे झाले. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येत होती आणि त्यातलीच बरीचशी या खटपटीत जात होती. मनाचाही डॉक्टर असतो हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी जायचे कोठे?

सरकारी पैसा या कामाला उशिरा लागला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, म्हणजे अहवालानंतर ३६ वर्षांनी. तो जिल्ह्यापर्यंत उतरवायला १९९६ उजाडले, तेही आधी मोजक्या जिल्ह्यांत. माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी अंशदायी आरोग्य योजना २००३ मध्ये आली. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबेनात तेव्हा २०१५ मध्ये राज्याने १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला. त्यात हिंगोली आहे. १४४१६ हा फुकट सल्ल्याचा दूरध्वनी २०२२ पासून आहे. आरोग्य केंद्रे मात्र १९५२ पासूनच निघू लागली होती. अहवालातले शरीर सरकारने आधी उचलले, मन मागे ठेवले.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. भोर समितीचा आवाका ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले आपले हिंगोली निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे मनोरुग्णालय खुद्द मराठवाड्यात, जालन्याला होते. १९५३ मध्ये ते हैदराबादेस एर्रागड्डा येथे हलवले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर जोसेफ भोर वारले. नव्या राज्याच्या वाट्याला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालये आली. मराठवाड्यात एकही नव्हते.