थॉमस अँड्र्यूज आणि आपला उन्हाळा

बीएस्सीच्या फिजिकल केमिस्ट्रीत एक आलेख हमखास असतो, कार्बन डायऑक्साइडच्या समतापी वक्रांचा. आपण तो परीक्षेपुरता काढतो, मधला घुमट दाखवतो, मार्क घेतो आणि विसरून जातो. तो आलेख ज्यांच्या नावावर आहे त्या थॉमस अँड्र्यूज यांच्याबद्दल मला लिहायचंय, कारण हुबळी-धारवाडच्या एप्रिल महिन्याशी या माणसाचा थेट संबंध आहे.

अँड्र्यूज यांचा जन्म आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, १९ डिसेंबर १८१३ चा. वडील लिननचे व्यापारी. ते रसायनशास्त्र शिकायला ग्लासगोला गेले, पॅरिसमध्ये द्यूमा यांच्या प्रयोगशाळेत राहून आले आणि १८३५ मध्ये एडिंबरोहून डॉक्टर होऊन गावी परतले. मग बरीच वर्षं दवाखानाही चालवला आणि रसायनशास्त्रही शिकवलं. १८४५ मध्ये बेलफास्टच्या नव्या क्वीन्स कॉलेजचे उपप्राचार्य म्हणून त्यांची नेमणूक झाली, ते १८७९ पर्यंत. एवढं नाव झालं तरी त्यांनी गाव सोडलं नाही, हे मला विशेष वाटतं. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचंच दुसरं रूप, हे पक्कं करण्यातही त्यांचा मोठा वाटा. ओझोनचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचं खरं काम १८६० च्या दशकातलं. केसासारखं बारीक छिद्र असलेली काचेची नळी, तिच्यात कार्बन डायऑक्साइड, खाली पारा. स्क्रू फिरवला की पाण्यावर दाब येतो, पाण्याचा पाऱ्यावर आणि पाऱ्याचा वायूवर. छिद्र बारीक असल्यामुळे शंभर वातावरणांचा दाबही काच सोसते. नळीभोवती हव्या त्या तापमानाचं पाणी. १३ अंशांना सुमारे ४९ वातावरण दाब दिला की वायूचा द्रव होऊ लागतो. पण ३०.९२ अंशांच्या वर? कितीही दाबा, द्रवाचा पृष्ठभाग म्हणून दिसतच नाही. या तापमानाला त्यांनी क्रांतिक बिंदू म्हटलं आणि १८६९ मध्ये रॉयल सोसायटीसमोर ते मांडलं. आजचा आकडा ३१ च्या एक केसभर अलीकडचा. गंमत बघा, बेलफास्टच्या थंडीत त्यांना तिथवर पोचायला पाणी गरम करावं लागलं. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की दुपारी नुसती नळी बाहेर ठेवली तरी पुरे!

आता फ्रिजकडे या. आत द्रवाची वाफ होते, ती उष्णता ओढते. बाहेरच्या कॉइलमध्ये वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता बाहेर पडते. बाहेरची कॉइल हवेपेक्षा गरमच असावी लागते. हुबळीत एप्रिलमध्ये पारा ३६-३७ ला गेला की कार्बन डायऑक्साइडचा तिथे द्रव होणारच नाही. तो दाट वायू म्हणूनच थोडाफार निवतो. त्यासाठी दाब नव्वद-शंभर बारवर न्यावा लागतो, आणि दाब सोडल्यावर बराचसा भाग लगेच वाफ होऊन जातो. ती वाफ थंडावा देत नाही, पण कॉम्प्रेसरला ती पुन्हा दाबावीच लागते. विजेचं बिल फुगतं ते इथे.

अँड्र्यूज यांनी सर ही पदवी नाकारली आणि २६ नोव्हेंबर १८८५ रोजी ते वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मांस नेणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर कार्बन डायऑक्साइडची यंत्रं आली, कारण हा वायू पेटत नाही आणि अमोनियासारखा घातकही नाही. उष्ण समुद्रात मात्र ती धापा टाकत. १९३० च्या दशकात फ्रिऑन आला आणि ही यंत्रं हळूहळू अडगळीत गेली. पुढे कळलं की फ्रिऑनचं कुटुंब वातावरणातला ओझोन खातं. १९८७ चा माँट्रियल करार झाला. म्हणजे अँड्र्यूज यांच्या एका विषयाने आपल्याला पुन्हा त्यांच्या दुसऱ्या विषयाकडे ढकललं. त्याच सुमारास नॉर्वेच्या गुस्ताव लोरेंट्सन यांनी दाब नेमका सांभाळून कार्बन डायऑक्साइड पुन्हा वापरात आणायची वाट दाखवली. सुपरमार्केटमधला आर-४०४ए हा वायू गळला तर पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या साडेतीन हजारपटींहून भारी, म्हणून हा खटाटोप.

उष्ण देशांसाठी उपाय आहेत. निघालेली वाफ वेगळ्या कॉम्प्रेसरने वरच्या दाबालाच उचलायची, किंवा इजेक्टर लावून वाया जाणारा दाब कामाला लावायचा. मद्रास आयआयटीत नॉर्वेच्या सहकार्याने यावर काम झालंय. कॉइलवर पाणी मारणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि आपली मार्च-एप्रिलची कोरडी हवा त्याला छानच. पण हुबळी-धारवाडमध्ये नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते कुणी कुणाला सांगायला नको. तरी माझं मत असं, की फक्त एप्रिलचा आकडा बघून हे यंत्र आपल्याकडे चालणार नाही म्हणणं घाईचं आहे. धारवाडचा पावसाळा धरा, डिसेंबरच्या रात्री धरा. वर्षातले कितीतरी तास बाहेरची हवा ३१ च्या बऱ्याच खाली असते आणि तेव्हा कॉइलमध्ये सरळ द्रव होतो. हिशोब वर्षाच्या बिलावर करायला हवा.