संक्रमणकाळाचा गव्हर्नर

रिझर्व्ह बँकेचे दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे फेब्रुवारी १९४३ मध्ये पदावर असतानाच निधन झाले. महायुद्ध ऐन भरात होते. युद्धखर्च भागविण्यासाठी नोटांचे चलन फुगत चालले होते आणि महागाईने सामान्य माणूस हैराण झाला होता. अशा वेळी, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची गव्हर्नरपदी नियुक्ती झाली. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. वय अवघे ४७.

महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेल्या देशमुखांची विद्यार्थिदशा मराठी घरांतून आजही दंतकथेसारखी सांगितली जाते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाची पदवी आणि १९१८ साली आयसीएस परीक्षेतही अव्वल स्थान. या गुणवत्तेचे कौतुक इतके झाले आहे, की त्यांच्या खऱ्या कर्तृत्वाकडे काहीसे दुर्लक्षच झाले. हुशार सनदी अधिकारी त्या काळी आणखीही होते. चालत्या संस्थेचा पाया बदलत असताना तिचे दैनंदिन काम एक दिवसही खंडित होऊ न देणे, हे मात्र फार थोड्यांना साधले.

मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्रशासनाचा अनुभव गाठीशी घेऊन देशमुख १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले, तेव्हा ही बँक अवघी चार वर्षांची होती. खासगी भागधारकांची मालकी, सरकारचे वर्चस्व आणि वरच्या जागांवर प्रामुख्याने ब्रिटिश अधिकारी, असे तिचे स्वरूप होते. गव्हर्नर झाल्यावर देशमुखांनी घोषणाबाजी केली नाही. १९४५ मध्ये संशोधन व सांख्यिकी विभाग उभा राहिला. स्वतःची आकडेवारी नसलेल्या मध्यवर्ती बँकेला सरकारच्या आकड्यांवर विसंबावे लागते. ही परावलंबिता त्यामुळे कमी झाली. १९४६ मध्ये वटहुकमाद्वारे बँकांच्या तपासणीचे अधिकार मिळाले आणि १९४९ च्या बँकिंग कंपनी कायद्याने त्यांना भक्कम बैठक लाभली. दरम्यान १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून देशमुख सहभागी झाले होते.

खरी कसोटी लागली ती फाळणीच्या वेळी. देशाचे दोन तुकडे झाले, पण पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. म्हणून ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम पाहावे, असे ठरले. सीमेवर रक्तपात, काश्मीरमध्ये लढाई आणि मुंबईतील एकाच संस्थेकडे दोन्ही शत्रुराष्ट्रांच्या तिजोऱ्या! पाकिस्तानसाठी चलनात आणायच्या नोटाही नाशिकच्या छापखान्यातच तयार झाल्या. भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव इंग्रजी व उर्दूत जादा छापून त्या एप्रिल १९४८ पासून वापरात आल्या.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा तडा गेला तो ५५ कोटी रुपयांच्या प्रश्नावर. रोख शिलकीतील पाकिस्तानचा ७५ कोटींचा वाटा ठरला होता, त्यांपैकी २० कोटी दिले गेले होते. उर्वरित रक्कम काश्मीरच्या कारणास्तव भारत सरकारने रोखून धरली. गांधीजींच्या उपोषणानंतर जानेवारी १९४८ मध्ये ती देण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात रिझर्व्ह बँक भारत सरकारच्या दबावाखाली वागते, असा आरोप पाकिस्तानने केला. आरोप अगदीच निराधार होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कारण पैसा सरकारचा होता आणि त्या रकमेबाबत सरकारला डावलणे कोणत्याही गव्हर्नरला शक्य नव्हते. अखेर संयुक्त व्यवस्थेची मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आणून ती ३० जून १९४८ रोजी संपविण्यात आली. दुसऱ्याच दिवशी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. कटुता पराकोटीला पोहोचली असतानाही दोन्हीकडचे चलन कोलमडले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतर सहा महिन्यांनी, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलले, पण खिडकीशी उभ्या असलेल्या ग्राहकाला फरक जाणवला नसावा. त्याच वर्षी ३० जूनला देशमुख पदावरून पायउतार झाले.

पुढे अर्थमंत्री म्हणून त्यांनी हीच पद्धत आयुर्विम्याच्या क्षेत्रात वापरली. काही विमा कंपन्यांतील गैरव्यवहार लोकसभेत गाजत होते. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच संध्याकाळी देशमुखांनी नभोवाणीवरून निर्णय जाहीर केला. आगाऊ सुगावा लागला असता, तर पॉलिसीधारकांचा पैसा वाचला असता की नाही, याची शंकाच आहे. मात्र संसदेआधी वटहुकमाचा मार्ग पत्करल्याचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी प्रत्यक्ष अस्तित्वात आले, तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाच्या आणि तो घेण्याच्या रीतीच्या विरोधात कुलाब्याच्या या खासदाराने जुलैमध्ये राजीनामा दिला होता. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, हीदेखील त्यांची मागणी होती. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि नव्या कायद्याने स्थापन झालेल्या आणखी एका संस्थेची घडी बसविण्याच्या कामास ते लागले.