हॅनिबलचे घर आणि सँडीचे गाणे

अमेरिकेतील मिसूरी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी हॅनिबल हे लहानसे नगर आहे. तेथील एक पांढरे, दुमजली लाकडी घर पाहण्यास दुरून लोक येतात. पुढे मार्क ट्वेन या नावाने कीर्ती पावलेला सॅम्युएल क्लेमेन्स या घरात वाढला.

सॅम्युएलचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ चा. १८४७ साली वडील वारले. लवकरच शाळा सुटली आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. त्या काळी मिसूरीत गुलामगिरीला कायद्याची मान्यता होती. ती अन्याय आहे असे त्याला घरी, शाळेत वा चर्चमध्ये कोणी सांगितले नाही. क्लेमेन्सांकडे सँडी नावाचा एक लहान गुलाम मुलगा भाड्याने आणलेला होता. तो दिवसभर गात असे. त्या गाण्याला कंटाळून सॅम्युएलने आईकडे तक्रार केली. आईचे डोळे भरून आले. त्या पोराला त्याची आई पुन्हा कधीच दिसणार नव्हती. तो गातो तोवर दुःख विसरलेला असतो, हे तिने मुलाला समजावले. ती गोष्ट सॅम्युएल आयुष्यभर विसरला नाही.

तरीही जाण यायला काळ लागला. 'हकलबेरी फिन' या कादंबरीत ट्वेन यांनी पळून निघालेल्या जिम या गुलामाला माणूस म्हणून उभे केले. १८८५ साली येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या वॉर्नर मॅकगिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या निवास-भोजनाचा खर्च त्यांनी उचलला. मॅकगिन पुढे नामांकित वकील झाले. १८९६ मध्ये ट्वेन मुंबईत आले असता, हॉटेलात एका गोऱ्याने नोकराला मारलेला तडाखा आणि नोकराने तो मुकाट्याने सोसणे त्यांनी पाहिले. क्षणात त्यांना आपले बालपण आठवले. गुलामांवर उठणारा हात त्यांनी तेव्हाही पाहिला होता.

२१ एप्रिल १९१० रोजी ट्वेन निवर्तले. पुढच्याच वर्षी जॉर्ज महान यांनी ते घर विकत घेतले आणि १९१२ मध्ये नगराला अर्पण केले. घर वाचले, परंतु दीर्घकाळ तेथे मुख्यतः टॉम सॉयरच्या खोड्याच सांगितल्या गेल्या. हॅनिबलच्या कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारे स्वतंत्र संग्रहालय उघडायला २०१३ साल उजाडावे लागले.

थोरांची घरे जपावीत, ती अवश्य जपावीत. मात्र त्या घरात सँडीचे गाणेही ऐकू आले पाहिजे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने, आपल्यामुळे एखाद्या मॅकगिनचे शिक्षण पूर्ण होते का, हे स्वतःला विचारावे.