मेरी क्युरी : परक्या शहरातील चाळीस रुबलांचे दिवस

रेडियमचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणून मादाम क्युरी यांचे नाव भारतातील शाळकरी मुलांनाही परिचित असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव व्यक्ती होत. त्यांच्या वैज्ञानिक कामगिरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हे कार्य ज्या पॅरिस शहरात घडले, ते त्यांचे जन्मगाव नव्हते. वयाच्या चोविसाव्या वर्षी, तुटपुंज्या पैशांच्या आधारावर त्या परदेशी आल्या आणि पुढील बेचाळीस वर्षे तेथेच राहिल्या. या वास्तव्याची किंमत त्यांनी कशी चुकविली, याची हकिगत त्यांच्या संशोधनाइतकीच उद्बोधक आहे.

मारिया स्क्लोडोव्हस्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंड तेव्हा स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती आणि शाळांतून पोलिश भाषेची गळचेपी चालू होती. वडील व्लादिस्लाव गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. आई एका मुलींच्या शाळेची प्रमुख होती. पाच भावंडांत मारिया सर्वांत धाकटी. मोठी बहीण झोफिया टायफसने दगावली आणि मारिया दहा वर्षांची असताना, १८७८ मध्ये, आईचे क्षयाने निधन झाले. वडिलांची नोकरीतील पदावनती झाली आणि एका नातेवाइकाच्या व्यवसायात गुंतविलेली सर्व शिल्लक बुडाली. घर चालविण्यासाठी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी ठेवून घेण्याची वेळ या कुटुंबावर आली.

मारिया १८८३ मध्ये सुवर्णपदकासह शालेय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. परंतु वॉर्साच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. थोरली बहीण ब्रोन्या हिला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. पॅरिसचे दार स्त्रियांना खुले होते, पण तेथे राहण्याचा खर्च वडिलांच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा दोघी बहिणींनी आपसांत एक करार केला. ब्रोन्याने प्रथम पॅरिसला जावे, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत आणि ब्रोन्या डॉक्टर झाल्यावर तिने मारियाला बोलावून घ्यावे, असे ठरले.

या करारापोटी मारिया जानेवारी १८८६ मध्ये वॉर्सापासून दूर श्चुकी या खेड्यात झोराव्हस्की कुटुंबाकडे मुलांना शिकविण्यासाठी घरगुती शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. वेतन होते वर्षाला ५०० रुबल. त्यातील मोठा हिस्सा पॅरिसला जात असे. दिवसभराची शिकवणी आटोपल्यावर रात्री त्या गणिताची आणि भौतिकशास्त्राची पुस्तके वाचीत. गावातील शेतकऱ्यांच्या मुलांना पोलिश लिहावाचायला शिकविणे हा त्या राजवटीत गुन्हा होता, तरी ते कामही त्यांनी केले. याच घरातील थोरला मुलगा काझिमिएश आणि मारिया यांना विवाह करण्याची इच्छा होती. मात्र आपल्याच घरी नोकरी करणारी मुलगी सून म्हणून आणण्यास त्याच्या आईवडिलांनी नकार दिला. हा अपमान गिळून मारिया आणखी काही काळ तेथेच राहिल्या, कारण बहिणीला पाठवायचे पैसे थांबविणे शक्य नव्हते.

ब्रोन्याने १८९० मध्ये पॅरिसहून कळविले की, आपला विवाह होत असून पुढील वर्षी मारियाने खुशाल यावे, राहण्या-जेवणाची सोय होईल. इतकी वर्षे ज्या निरोपाची वाट पाहिली तो आल्यावर मात्र मारियाचे पाऊल अडखळले. वडील वृद्ध झाले होते आणि त्यांना एकटे सोडणे तिच्या जिवावर आले होते. एक वर्ष तिने वॉर्सातच घालविले. या काळात एका संग्रहालयाच्या लहानशा प्रयोगशाळेत तिला प्रथमच स्वतःच्या हातांनी प्रयोग करावयास मिळाले. या अनुभवाने तिचा निर्णय पक्का झाला.

१८९१ च्या शरद ऋतूत मारियाने वॉर्सा सोडले. गादी आणि इतर जड सामान आधीच मालगाडीने रवाना करण्यात आले होते, कारण पॅरिसमध्ये नव्याने विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. जर्मनीतून जाताना चौथ्या वर्गाचा डबा हा सर्वांत कमी भाड्याचा मार्ग होता. त्या डब्यात बसण्यास पुरेशी बाके नसत, म्हणून तिने घडीची खुर्ची सोबत घेतली होती. तीन दिवसांचे खाणेपिणेही बरोबर बांधून घेतले होते. आपण शिक्षण संपवून लवकरच परत येऊ, अशीच तिची आणि वडिलांची समजूत होती.

सोर्बोन विद्यापीठात नाव नोंदविताना तिने मारियाऐवजी मेरी असे फ्रेंच रूप लिहिले. विज्ञान शाखेतील सुमारे १८०० विद्यार्थ्यांत स्त्रिया अवघ्या २३ होत्या. आरंभी मेरी बहिणीच्या घरी राहिली. ब्रोन्या आणि तिचे डॉक्टर पती काझिमिएश द्लुस्की यांचे घर ला व्हिलेत भागात होते. तेथून विद्यापीठ गाठण्यास घोड्यांच्या बसने एक तास लागे. भाडे वाचविण्यासाठी ती बसच्या उघड्या टपावर बसे. घरी पोलिश मित्रमंडळींची सतत ये-जा असल्याने अभ्यासाला शांतता मिळेना. म्हणून १८९२ च्या मार्चमध्ये मेरीने विद्यापीठाजवळच्या लॅटिन क्वार्टर भागात स्वतंत्र खोली भाड्याने घेतली.

येथून तिच्या खऱ्या कसोटीला प्रारंभ झाला. स्वतःची बचत आणि वडिलांकडून येणारी लहानशी मदत मिळून तिच्या हाती महिन्याला ४० रुबल म्हणजे सुमारे १०० फ्रँक पडत. दिवसाला साधारण तीन फ्रँक. एवढ्यातच खोलीचे भाडे, जेवण, कपडे, वह्यापुस्तके आणि विद्यापीठाचे शुल्क भागवावे लागे. खोली छपराखालच्या माळ्यावर होती, कारण जितके जिने अधिक तितके भाडे कमी. तेथे ना दिव्याची सोय, ना पाण्याची. कोळशाची बादली स्वतःच वर न्यावी लागे. संध्याकाळी उबदार आणि दिवे असलेल्या ग्रंथालयात रात्री दहापर्यंत बसले की तेवढा कोळसा आणि तेल वाचे. कडाक्याच्या थंडीत हात धुण्याचे पाणी भांड्यात गोठत असे आणि असतील नसतील तेवढे कपडे अंगावर पांघरून ती झोपत असे. आठवडेच्या आठवडे पाव, लोणी आणि चहा यांवर निघत. एकदा अशक्तपणामुळे तिला भोवळ आली. तेव्हा द्लुस्की यांनी तिला घरी नेऊन काही दिवस पोटभर जेवू घातले. मात्र परीक्षा तोंडावर आल्याने ती पुन्हा आपल्या खोलीत परतली.

या हालअपेष्टांचे फळ लवकरच दिसले. जुलै १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली. परंतु पैसे संपत आले होते आणि गणिताची पदवी राहिली होती. त्याच सुमारास परदेशात शिकणाऱ्या गुणवंत पोलिश विद्यार्थ्यांसाठी असलेली ६०० रुबलांची अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्ती तिला मिळाली. काटकसरीने ही रक्कम पंधरा महिने पुरणार होती. जुलै १८९४ मध्ये तिने गणिताची पदवी दुसऱ्या क्रमांकाने मिळविली. पुढे पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांवरील कामाचे मानधन हाती येताच तिने शिष्यवृत्तीची संपूर्ण रक्कम परत केली. अशी परतफेड कोणाकडूनही अपेक्षित नव्हती. पण आपल्यासारखी दुसरी कोणी मुलगी त्या पैशाच्या प्रतीक्षेत असेल, हा तिचा विचार होता.

याच पोलादाच्या कामासाठी प्रयोगशाळेत जागा शोधत असताना १८९४ मध्ये एका पोलिश प्राध्यापकाने तिची पिएर क्युरी यांच्याशी ओळख करून दिली. पिएर यांनी विवाहाचा प्रस्ताव मांडला तेव्हा मेरीपुढे बिकट पेच उभा राहिला. परक्या देशात कायमचे राहणे म्हणजे वडिलांना दिलेला शब्द मोडणे आणि परतंत्र मातृभूमीला पाठ दाखविणे, असे तिला वाटत होते. ती उन्हाळ्यात वॉर्साला परतली. क्राकोच्या विद्यापीठात काम मिळेल अशी आशा होती, परंतु स्त्री असल्याने तेथे नकार मिळाला. पिएर यांनी तर स्वतः पोलंडमध्ये येऊन राहण्याची तयारी दर्शविली होती. अखेर मेरी पॅरिसला परतल्या आणि २६ जुलै १८९५ रोजी सो या उपनगरात दोघांचा साधा नोंदणी विवाह झाला. भेट म्हणून मिळालेल्या पैशांतून त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरूनच फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ते फिरून आले.

संसार तीन खोल्यांचा होता. पिएर यांना महिन्याला ५०० फ्रँक वेतन मिळे आणि मेरी रोजचा खर्च वहीत काटेकोरपणे लिहून ठेवीत. १८९७ मध्ये कन्या आयरीन जन्मली. त्याच वर्षाच्या अखेरीस मेरी यांनी डॉक्टरेटसाठी युरेनियमच्या किरणांचा विषय निवडला. जुलै १८९८ मध्ये पतिपत्नींनी एका नव्या मूलद्रव्याचा शोध जाहीर केला आणि त्याला पोलोनियम हे नाव दिले. ज्या देशाचे नाव नकाशावरून पुसले गेले होते, त्याचे नाव अशा रीतीने मूलद्रव्यांच्या यादीत आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडियमचा शोध जाहीर झाला.

रेडियम प्रत्यक्ष वेगळे काढण्यासाठी बोहेमियातील खाणीचा टाकाऊ गाळ टनांनी आणावा लागला. ऑस्ट्रियाच्या सरकारने पहिला एक टन गाळ विनामूल्य दिला, तरी वाहतुकीचा खर्च क्युरी दांपत्याने पदरमोड करून भागविला. गळक्या छपराच्या एका शेडमध्ये चार वर्षे हे काम चालले. १९०२ मध्ये एक दशांश ग्रॅम रेडियम हाती आले. या संपूर्ण काळात मेरी यांना संशोधनासाठी कोणतेही वेतन नव्हते. घरखर्चाला हातभार म्हणून १९०० पासून त्या सेव्हर येथील मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकवू लागल्या. त्याच वर्षी जिनिव्हा विद्यापीठाने पिएर यांना १०,००० फ्रँकांची जागा देऊ केली होती. परंतु तेथे गेल्यास रेडियमचे काम थांबेल म्हणून ती नाकारण्यात आली. रेडियम शुद्ध करण्याच्या पद्धतीचे पेटंटही त्यांनी घेतले नाही.

परदेशवासाचे दुःख याच काळात प्रकर्षाने जाणवले. ब्रोन्या आणि तिचे पती मायदेशी परतले होते. १९०२ च्या मे महिन्यात वडील आजारी असल्याची वार्ता आली, परंतु मेरी वॉर्साला पोहोचण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. लेकीने रेडियम वेगळे केल्याचे वृत्त मात्र त्यांच्या कानी पडले होते.

डिसेंबर १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आंरी बेकरेल आणि क्युरी दांपत्य यांना विभागून मिळाले. त्यांच्या वाट्याला सुमारे ७०,००० फ्रँक आले आणि ओढाताण प्रथमच कमी झाली. १९०४ मध्ये मेरी यांची प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी वार्षिक २४०० फ्रँक वेतनावर नियुक्ती झाली. त्याच वर्षी दुसरी कन्या ईव्ह जन्मली. मात्र १९ एप्रिल १९०६ रोजी पिएर यांचा घोडागाडीखाली सापडून मृत्यू झाला. सरकारने देऊ केलेले निवृत्तिवेतन मेरी यांनी नाकारले, आपण काम करून मुलींना वाढवू शकतो असे कळविले आणि सोर्बोनमध्ये पतीची अध्यापनाची जबाबदारी स्वीकारली. तेथे शिकविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

वीस वर्षे फ्रान्समध्ये राहूनही त्या काही जणांच्या दृष्टीने परक्याच होत्या. १९११ च्या जानेवारीत विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत त्यांचा अत्यंत थोड्या मतांनी पराभव झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजवँ यांच्याशी असलेल्या संबंधांवरून वृत्तपत्रांनी काहूर उठविले. या परदेशी बाईने एका फ्रेंच कुटुंबाचा नाश केला, असा प्रचार झाला आणि त्यांच्या घरापुढे जमाव जमला. त्याच सुमारास रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला गेल्या आणि पारितोषिक स्वीकारून परतल्या.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी आपल्या पारितोषिकाची रक्कम फ्रान्सच्या युद्धकर्जात गुंतविली. क्ष-किरण यंत्रे बसविलेल्या सुमारे वीस मोटारी तयार करून त्यांनी आघाडीवरील जखमी सैनिकांच्या तपासणीची व्यवस्था उभारली. सतरा वर्षांची आयरीन या कामात त्यांच्यासोबत होती.

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. मेरी यांनी मुलींना पोलिश भाषा शिकविली होती आणि मायदेशाशी नाते तुटू दिले नव्हते. त्यांच्या प्रयत्नांतून २९ मे १९३२ रोजी वॉर्सा येथे रेडियम संस्थेचे उद्घाटन झाले. संस्थेच्या उभारणीचा भार ब्रोन्याने वाहिला होता. अमेरिकन जनतेच्या देणगीतून मिळालेले एक ग्रॅम रेडियम मेरी यांनी या संस्थेला दिले. कर्करोगाच्या रुग्णांवर तेथे उपचार सुरू झाले. अशा प्रकारे परत येण्याचा जुना शब्द त्यांनी निराळ्या स्वरूपात पाळला.

दीर्घकाळ किरणोत्साराच्या सान्निध्यात राहिल्याने त्यांच्या रक्तावर परिणाम झाला होता. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्समधील एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. सो येथे पिएर यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले, तेव्हा ब्रोन्या आणि भाऊ युझेफ यांनी पोलंडहून आणलेली मूठभर माती शवपेटीवर टाकली. कन्या आयरीन यांनीही १९३५ मध्ये पतीसमवेत नोबेल पारितोषिक मिळविले आणि जानेवारी १९५० मध्ये कोलकाता येथील, आज साहा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. १९९५ मध्ये मेरी आणि पिएर यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात हलविण्यात आले. स्वतःच्या कर्तृत्वाच्या बळावर तेथे स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. हे स्मारक लॅटिन क्वार्टरमध्येच आहे. दिवसाला तीन फ्रँकांत भागविणारी ती विद्यार्थिनी ज्या माळ्यावर राहत होती, तेथून ते फारसे दूर नाही.