इंजिनिअर न झालेली डॉक्टर

फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय? पहिल्याच दिवशी हातात लोखंडाचे दोन तुकडे देऊन जॉइंट करून आणा, असं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आधी कानस कशी धरायची ते दाखवलं. मग तुकडा सपाट घासून घेतला, काटकोन तपासायला लावला, मग मार्किंग, मग हॅकसॉ. जॉइंट सगळ्यात शेवटी. एवढं करूनही निम्म्या बॅचचे जॉब रिजेक्ट झाले, ही गोष्ट वेगळी!

आता दुसरं चित्र बघा. मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. ताईचा मुलगा चार वर्षांचा. बालवर्गातून सुट्टीचा अभ्यास आलेला : पाच पानं नुसता अ. पोरगं पेन्सिल मुठीत धरायचं आणि इतक्या जोरात दाबायचं की पान फाटलं. ताई ओरडली, तो रडला, आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात ताईही डोळे पुसत होती. मी थर्ड इयरचा शहाणा, बाजूला बसून सगळं बघत होतो. काय करायचं ते मलाही सुचलं नाही.

परत आल्यावर विचार केला, तेव्हा जाणवलं की त्या चार वर्षांच्या जिवाला आपण एका वेळी चार ऑपरेशन्स करायला सांगतो. पेन्सिल धर, आकार आठव, आवाज लक्षात ठेव आणि वर रेघेत राहा. लेथवर पहिल्या दिवशी कुणी आपल्याला असं सांगितलं असतं तर आपण ब्रँचच बदलली असती! आणि जमलं नाही की शिक्का मारायचा, मुलगा मठ्ठ आहे. चूक जॉबची नसते, प्रोसेसची असते. हे जिनं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं ती बाई स्वतः इंजिनिअर व्हायला निघाली होती. तिचं नाव मारिया मॉन्टेसरी. गावोगावच्या बालवाड्यांच्या पाट्यांवर आपण हे नाव वाचतो, पण पाटीच्या मागचं माणूस आपल्याला माहीत नसतं.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत. बदलीमुळे कुटुंब रोमला आलं. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावं, असा तो काळ. पण मारियाला गणिताची गोडी. तेराव्या वर्षी तिनं टेक्निकल स्कूलमध्ये नाव घातलं आणि पुढे १८९० पर्यंत टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकली. मुलांच्या गर्दीत मोजक्या मुली. (आपल्या मेकॅनिकलच्या वर्गाची आठवण झाली ना?) कोर्स संपेपर्यंत तिचा विचार बदलला. आता तिला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांना हे पसंत नव्हतं, आई मात्र पाठीशी उभी राहिली.

मेडिकलला प्रवेश मिळाला, तरी शवविच्छेदन मुलांबरोबर करायची परवानगी नव्हती. वर्ग सुटल्यावर, सगळे गेले की ही एकटी प्रेतांच्या खोलीत काम करायची. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतली पहिली महिला डॉक्टर म्हणून तिचं नाव घेतात ते बरोबर नाही, तिच्या आधी काहीजणी झाल्या होत्या. पण वाट त्यांच्यासाठी सोपी नव्हती, तिच्यासाठीही नव्हती.

रोमच्या मनोरुग्ण विभागात काम करताना डॉ. मॉन्टेसरींना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मतिमंद मुलं दिसली. त्यांच्या खोलीत हाताळायला एक वस्तू नव्हती. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असं त्यांचं मत झालं. त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं शोधून काढली आणि शब्द न् शब्द नीट समजावा म्हणून दोघांचं लेखन स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून घेतलं. आपण झेरॉक्सही दुसऱ्याकडून आणवतो!

१९०० साली अशा मुलांसाठी निघालेल्या संस्थेत त्या काम करू लागल्या. तिथल्या एका अकरा वर्षांच्या मुलीला काही केल्या शिवण जमेना. सुई खाली-वर घालणं तिच्या हाताला समजतच नव्हतं. डॉ. मॉन्टेसरींनी शिवण बाजूला ठेवलं आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी वर, एक खाली. त्यात हात बसल्यावर पुन्हा सुई दिली, आणि मुलगी शिवायला लागली. सुईचा सराव न करता हात सुईसाठी तयार झाला होता. पुढचं सगळं काम या एका गोष्टीतून उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

या संस्थेतली काही मुलं लिहा-वाचायला शिकून सरकारी परीक्षा पास झाली. लोकांना चमत्कार वाटला. डॉ. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. आपली मुलं जर चांगल्या मुलांच्या बरोबरीनं पास होत असतील, तर त्या चांगल्या मुलांना शाळा एवढी मागे का ठेवते?

याच दिवसांत त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट घडली, जी जगापासून लपवावी लागली. सहकारी डॉ. मोन्तेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. बाहेर कळलं असतं तर नाव आणि काम दोन्ही गेलं असतं. बाळाला गावाकडे एका कुटुंबात वाढायला ठेवलं. पुढे मोन्तेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि डॉ. मॉन्टेसरींनी ती संस्था सोडली. जगातल्या मुलांना समजून घेणारी ही बाई स्वतःच्या मुलाला अधूनमधून भेटायची, तेसुद्धा आई म्हणून नाही.

रोममध्ये सॅन लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. तिथल्या पडक्या चाळी एका कंपनीनं दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले की लहान मुलं जिन्यांत धिंगाणा घालायची, भिंती खराब करायची. कंपनीचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी हिशेब केला की दुरुस्तीवर पैसे घालवण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणं बरं. ते इंजिनिअर होते! त्यांनी डॉ. मॉन्टेसरींना बोलावलं आणि ६ जानेवारी १९०७ रोजी पहिलं बालगृह सुरू झालं. साधारण पन्नास मुलं, बहुतेकांच्या घरी कुणाला अक्षरओळख नाही.

अक्षरं शिकवायचा डॉ. मॉन्टेसरींचा विचार नव्हता. सहा वर्षांच्या आत लिहिणं-वाचणं नको, असंच त्यांनाही वाटायचं. पण निरक्षर आयाच मागे लागल्या. शेवटी त्या तयार झाल्या. लाकडी अक्षरं बनवून घ्यायची होती, पण कारागीर मिळेना. मग त्यांनी आणि शिक्षिकेनं कागदाची अक्षरं कापली, काही अक्षरं सँडपेपरची करून पुठ्ठ्यावर चिकटवली. आपल्या वर्कशॉपमधला साधा पॉलिश पेपर!

आता त्यांची प्रोसेस बघा. पेन्सिल धरायला हात तयार व्हावा म्हणून भौमितिक आकारांच्या कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतला भाग रेघांनी भरायचा. इथे अक्षराचा संबंध नाही. आकार लक्षात राहावा म्हणून दोन बोटं खरखरीत अक्षरावरून, लिहिण्याच्याच दिशेनं फिरवायची. इथे पेन्सिल नाही. बोट फिरवताना त्या अक्षराचा आवाज काढायचा, त्याचं नाव नाही. आणि सुटी अक्षरं शेजारी शेजारी मांडून शब्द जुळवायचा. म्हणजे हात तयार व्हायच्या आधीच डोकं शब्द बनवायला मोकळं. चार ऑपरेशन्स वेगवेगळी, प्रत्येक खेळासारखं. चुकलं तर ओरडणं नाही, तो खेळ पुन्हा दुसऱ्या दिवशी.

डिसेंबरमधली एक उबदार दुपार. मुलं गच्चीवर खेळत होती. धुराड्याजवळ बसलेल्या डॉ. मॉन्टेसरींनी एका पाच वर्षांच्या मुलाला खडू दिला आणि धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं फरशीवर चित्र काढलं. त्यांनी कौतुक केलं. मुलगा क्षणभर थांबला, आणि मला लिहिता येतं म्हणून ओरडत खाली वाकून त्यानं हात हा शब्द लिहिला. मग धुराडं, मग छप्पर. त्याला लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं! बाकीची मुलं धावत आली, खडू मागू लागली आणि एकेक जण लिहायला लागला. पुढे कित्येक दिवस मुलं जिथे जागा मिळेल तिथे लिहीत सुटली. नाताळला दोन चार-चार वर्षांच्या मुलांनी सगळ्यांच्या वतीनं इंजिनिअर तालामोंना शुभेच्छांचं पत्र लिहिलं, एकही खाडाखोड न करता.

वाचन याच्या नंतर आलं. आपण उलटं समजतो. स्वतः जुळवलेला शब्द मूल आधी लिहितं आणि मग दुसऱ्यानं लिहिलेल्या शब्दातला अर्थ त्याला उलगडतो. खेळण्यांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या डॉ. मॉन्टेसरींनी मुलांना दिल्या. चिठ्ठी वाचायची आणि ती वस्तू घ्यायची. गंमत म्हणजे मुलांना वस्तू नको होत्या, पुढची चिठ्ठी हवी होती! इटालियन बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहितात, म्हणून तिथे हे लवकर जमलं. आपली देवनागरीही तशीच. काना-मात्रेची भर पडते, पण आवाज आणि खूण यांची जोडी पक्की.

१९०९ मध्ये पुस्तक निघालं आणि नाव जगभर गेलं. आईच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा मारिओ अखेर त्यांच्याकडे राहायला आला, पण लोकांसमोर तो भाचा किंवा पुतण्या म्हणूनच. एक गोष्ट सांगायला हवी : काही वर्षं त्यांनी मुसोलिनीच्या सरकारची मदत घेतली. ही त्यांच्या चरित्रातली डागाची बाजू. १९३४ मध्ये संबंध तुटले आणि त्यांच्या इटलीतल्या शाळा बंद पडल्या.

१९३९ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्या शिक्षकांना शिकवायला मद्रासला आल्या. काही महिन्यांचा बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी मायलेक शत्रू ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात अडकवलं आणि मारिओला नेलं ते थेट आपल्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) छावणीत! ३१ ऑगस्टला बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या निमित्तानं व्हाइसरॉयनं मारिओची सुटका केली आणि तसा निरोप धाडला. निरोपात भाचा-पुतण्या असं काही नव्हतं. मुलगा असं होतं. बेचाळीस वर्षं जे उघड म्हणता आलं नव्हतं, ते परक्या सरकारच्या कागदावर लिहून आलं.

युद्ध संपेपर्यंत त्यांनी भारतात हजारावर शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे विचार १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर नेले. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया आणि पानं वापरली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथलीच. आज मॉन्टेसरी म्हटलं की भरमसाट फी आठवते, पण सुरुवात चाळीतल्या पोरांपासून झाली होती, हे विसरू नये.

ताईच्या मुलाचं काय झालं? संक्रांतीला जाताना मी पॉलिश पेपरची सहा अक्षरं कापून नेली. चमत्कार वगैरे झाला नाही. पण तो रडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपणहून पुठ्ठे मागितले. म शोधून आईच्या पदराला लावला. आता ताई पानं भरून घ्यायच्या आधी अर्धा तास हाच खेळ खेळते.

आपल्या नव्या हॉस्टेलच्या बांधकामावर रोज पाच-सहा पोरं वाळूच्या ढिगावर खेळत असतात. आईबाप स्लॅबवर. तालामोंना जे दिसलं तेच आपल्याला रोज मेसला जाताना दिसतं. वाळू तिथे आहेच, बोट त्यांचं आहे, पॉलिश पेपर वर्कशॉपमध्ये मिळेल. सबमिशन संपलं की मी रविवारी सकाळी जाणार आहे. कोण येतंय?